मुळांवरील मित्रबुरशीला झाड आत कसे घेते?



मुळावर बुरशी म्हटली की आपला हात आधी औषधाच्या डब्याकडे जातो. मर आणि मूळकूजीने पोळलेल्या शेतकऱ्याला त्याबद्दल दोष कसा द्यावा? झाडाचेही तसेच आहे. बुरशीचा धागा मुळात शिरू लागला की ते प्रतिकाराला उभे राहते. मग स्फुरद व पाणी आणून देणारी मायकोरायझा बुरशी आत शिरते कशी?

याचा उलगडा पॉपलर झाडावर झाला. त्याच्या मुळांवर लॅकेरिया बायकलर ही छत्रीची बुरशी वाढते. २००८ साली तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात बाहेर पाझरणाऱ्या लहान लहान प्रथिनांची अनेक जनुके सापडली. त्यांपैकी एमआयएसएसपी-७ हे प्रथिन महत्त्वाचे ठरले. ते मुळाच्या पेशीत शिरून थेट केंद्रकात पोहोचते. २०११ साली हे प्रथिन जवळजवळ बंद केलेली बुरशी वापरून पाहिली, तेव्हा तिची मुळाशी जोडीच जमली नाही.

त्याचे कारण २०१४ साली कळले. धोका जाणवला की झाडात जास्मोनिक आम्ल वाढते. एरवी प्रतिकाराच्या जनुकांना दाबून ठेवणारे एक प्रथिन त्यामुळे मोडते आणि ती जनुके जागी होतात. बुरशीचे प्रथिन या दाबणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवते, मोडू देत नाही. याला कोणी फसवणूक म्हणेल. मी ओळख पटवणे म्हणेन, कारण झाडाला मोबदला मिळतो.

आपल्या साग, संत्रा, आंब्याच्या मुळांत व्हॅम ही वेगळ्या गटातील बुरशी असते. तिच्यातही एसपी-७ नावाचे असेच प्रथिन २०११ साली लसूणघासाच्या कुळातील एका वनस्पतीवरील अभ्यासात आढळले.

ही ओळख पटायला वेळ लागतो, आणि नेमके तिथेच आपण चुकतो. मी स्वतः चुकलो आहे. सागाच्या रोपांना व्हॅम दिल्यावर मर येईल या भीतीने आठच दिवसांत कार्बेन्डाझिमची आळवणी केली. पुढे मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर धागे नावापुरते!

म्हणून व्हॅम बियाण्याखाली किंवा मुळांना लागेल असे द्या. नंतर आंतरप्रवाही बुरशीनाशकाची आळवणी खरोखर रोग दिसल्याशिवाय करू नका. पिशवीच्या मातीत सुपर फॉस्फेटही बेताने घाला. स्फुरद मुबलक मिळाले की झाड बुरशीला फारसे जवळ करत नाही. आणि खरेदी करताना पाकिटावरील बुरशीचे नाव वाचा. छत्रीची बुरशी पाईन, पॉपलर, निलगिरीसाठी. साग-संत्र्याला तिचा उपयोग नाही.