वारा पेलणारा पट्टा : हार्नेसची निवड

समुद्रावरील साहसी खेळांत विंडसर्फिंग आणि काइटबोर्डिंग या दोन खेळांनी आता मानाचे स्थान मिळविले आहे. विंडसर्फिंगचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश १९८४ साली लॉस एंजेलिस येथे झाला, तर महिलांची स्वतंत्र स्पर्धा १९९२ साली बार्सिलोना येथे सुरू झाली. काइटबोर्डिंगला हा मान २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रथमच लाभला. त्या शर्यती मार्सेच्या किनाऱ्यावर झाल्या. हांगझोऊ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या इबाद अली यांनी विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक पटकाविले. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर, तसेच तामिळनाडूत रामेश्वरमच्या परिसरात काइटबोर्डिंग शिकण्याची सोय आहे. सुट्टीत तेथे जाऊन हा खेळ शिकणारा आणि पुढे स्वतःचे साहित्य घेऊ पाहणारा वर्ग शहरांतील नोकरदारांमध्येही आढळतो.

अशी खरेदी करताना शीड, पतंग व बोर्ड यांचा विचार बारकाईने होतो. हार्नेस मात्र उरलेल्या पैशांत, घाईघाईने घेतला जातो. वस्तुतः साऱ्या साहित्यात शरीराला सतत बिलगून राहणारी वस्तू हीच. ती चुकली, तर बरगड्या सोलवटतात, कंबर धरते, श्वास अपुरा पडतो आणि किनाऱ्यापासून दूर असताना थकवा येतो. म्हणून या निवडीचा पाठ नीट समजून घेणे हिताचे ठरते.

हार्नेसचे कार्य

शिडाची किंवा पतंगाची ओढ केवळ हातांनी पेलायची म्हटली, तर सशक्त माणसाचेही मनगट व कोपर थोड्याच वेळात थकतात. हार्नेस ही ओढ हातांवरून काढून कंबर, नितंब व पाठ यांकडे सोपवितो. हार्नेसच्या पुढील बाजूस धातूची एक आडवी पट्टी असते. तिला स्प्रेडर बार म्हणतात. तिच्या मध्यावर आकडा असतो. विंडसर्फर बूमला बांधलेल्या दोरीचा फास या आकड्यात अडकवून मागे रेलतो. काइटबोर्डर पतंगाच्या नियंत्रक दांड्याखालील कडी, म्हणजेच चिकन लूप, त्यात अडकवितो. हातांकडे मग दिशा देण्याचेच काम उरते.

सोयीचे मर्म साध्या गणितात आहे. समजा, ओढ ३० किलो वजनाइतकी आहे. ती ३०० चौरस सेंटिमीटर भागावर पसरली, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम भार येतो. तीच ६०० चौरस सेंटिमीटरवर पसरली, तर ५० ग्रॅम. ओढ तेवढीच, परंतु टोचणी निम्मी. चांगला हार्नेस म्हणजे जाड गादीचा हार्नेस नव्हे, तर भार समप्रमाणात वाटणारा हार्नेस होय.

दोन मुख्य प्रकार

पहिला प्रकार कमरेचा हार्नेस. तो रुंद कमरपट्ट्यासारखा असतो. यात पाय मोकळे राहतात, शरीर सहज वळते, उड्या व लाटांवरील कसरती सुलभ होतात. मात्र त्याला खाली धरून ठेवणारे काही नसते. पतंगाची ओढ वरच्या दिशेने असल्याने, विशेषतः पतंग डोक्यावर असताना, तो छातीकडे सरकू पाहतो. तो बरगड्यांखाली रुतला, की श्वास उथळ होतो.

दुसरा प्रकार बैठकीचा हार्नेस. यात मांड्यांभोवती पट्टे असतात आणि आकडा अधिक खाली, ओटीपोटाजवळ येतो. भार नितंबांवर व मांड्यांवर जातो. हार्नेस वर सरकत नाही. ज्याचा पतंग बराच वेळ डोक्यावरच असतो अशा नवशिक्यास, पोट सुटलेल्या व्यक्तीस, लहान मुलांस आणि मोठ्या शिडाने वेगाच्या शर्यती खेळणाऱ्या विंडसर्फरला तो उपयुक्त ठरतो. मांड्यांच्या आतील भागी घर्षण होणे आणि हालचालीवर काहीशी मर्यादा येणे, हे त्याचे दोष होत.

यांपैकी श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न निरर्थक आहे. ज्याची कंबर बरगड्या व नितंब यांमध्ये स्पष्टपणे आत वळते, त्याला कमरेचा हार्नेस नीट धरतो. ज्याचा बांधा सरळ किंवा पोटाशी गोल आहे, त्याच्या अंगावर तोच हार्नेस कितीही आवळला तरी वर चढतो. अशा वेळी महागडा कमरेचा हार्नेस घेण्यापेक्षा साधा बैठकीचा हार्नेस घेणे शहाणपणाचे.

मापाचा विचार

कमरेच्या हार्नेससाठी बेंबीच्या पातळीवर आणि बैठकीच्या हार्नेससाठी नितंबांच्या सर्वांत रुंद भागाभोवती टेपने माप घ्यावे. पँटच्या मापावर विसंबू नये. पँट बहुधा कमरेच्या खाली नेसली जाते. ‘मीडियम’ किंवा ‘लार्ज’ ही अक्षरे प्रत्येक उत्पादकाची वेगळी असतात; म्हणून त्या त्या उत्पादकाचा मापतक्ता पाहावा. दोन मापांच्या सीमेवर असणाऱ्याने बहुधा लहान माप पसंत करावे, कारण भिजल्यावर हार्नेस थोडा सैल पडतो. थंड पाण्यात वेटसूट घालावयाचा असेल, तर माप व चाचणी वेटसूटसह व्हावी.

स्प्रेडर बारची लांबीही तितकीच महत्त्वाची आहे. पट्टे पूर्ण आवळल्यावरही दोन्ही बाजूंना आणखी ताणण्यास जागा शिल्लक राहिली पाहिजे. बार फार लांब असेल, तर पट्टे संपतात आणि हार्नेस सैलच राहतो. महिलांसाठी वेगळ्या आकाराचे हार्नेस मिळतात. त्यांतील फरक कंबर व नितंब यांच्या वळणाचा असतो. रंग पाहून निवड करू नये.

पाठीचा कणा : मऊ की कठीण?

हार्नेसच्या पाठीमागचा भाग मऊ, मध्यम किंवा कवचासारखा कठीण असतो. मऊ हार्नेस अंगाला सहज लपेटतो, परंतु जोराच्या ओढीत दुमडून बाजूंनी बरगड्या दाबतो. कठीण कवच आपला आकार सोडत नाही. त्यामुळे भार पाठीवर पसरतो आणि बाजूंचा दाब घटतो. मात्र कवचाचा बाक व पाठीचा बाक जुळला पाहिजे. तो जुळला नाही, तर कवचाची कड एकाच जागी टोचते आणि वापराने ती टोचणी फारशी कमी होत नाही. मऊ हार्नेस काळानुसार अंगाशी जुळवून घेतो. कठीण हार्नेस पहिल्या दिवशीच जुळलेला असावा लागतो.

मणक्याचे जुने दुखणे असणाऱ्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोणताही हार्नेस हा औषधोपचार नव्हे.

कोरडी परीक्षा

आरशासमोर उभे राहून हार्नेस पारखता येत नाही. त्यावर भार यावा लागतो. यासाठी पुढील क्रम उपयोगी आहे.

१. हार्नेस घालून प्रथम खालचा व नंतर वरचा पट्टा आवळावा. कमरेच्या हार्नेसची खालची कड नितंबांच्या हाडांवर टेकलेली असावी.

२. मजबूत तुळईला दोरीचा फास बांधून त्यात आकडा अडकवावा आणि गुडघे वाकवून ५ ते १० मिनिटे अंग सोडून रेलावे. पहिल्या मिनिटात सर्वच हार्नेस सुखद वाटतात. दोष नंतर कळतात.

३. या अवस्थेत खोल श्वास घ्यावा. श्वास अडत असेल, तर तो हार्नेस बाद समजावा.

४. डावी-उजवीकडे वळून पाहावे. बार तिरका होतो का, तळहाताइतका वर सरकतो का, हे तपासावे.

५. हार्नेस काढल्यावर त्वचेवरील खुणा पाहाव्यात. सर्वत्र सारखी लाली ठीक. एकाच रेषेत गडद वळ उठले, तर तेथे पाण्यात जखम होणार हे निश्चित.

प्रत्येक शहरात असे साहित्य मिळेलच असे नाही. त्यामुळे प्रशिक्षण केंद्रातील निरनिराळे हार्नेस आलटून पालटून वापरावेत आणि प्रकार व माप यांची नोंद ठेवावी. त्यानंतर केलेली मागणी सहसा फसत नाही.

दोष नेहमी हार्नेसचाच नसतो

विंडसर्फिंगमध्ये हात दुखू लागले, की हार्नेसला बोल लावला जातो. पुष्कळदा चूक बूमवरील दोरीची असते. मागच्या हाताला अधिक ओढ जाणवत असेल, तर दोऱ्या थोड्या मागे सरकवाव्यात. पुढच्या हाताला जाणवत असेल, तर पुढे. दोरी फार आखूड असेल, तर शरीर शिडाजवळ खेचले जाते व कंबर वाकते. त्याचप्रमाणे कमरेच्या हार्नेसवरून बैठकीच्या हार्नेसवर येताना आकडा खाली जातो, म्हणून बूमची उंची व दोरीची लांबी पुन्हा जुळवावी लागते.

सुरक्षितता

सोयीहून मोठी गोष्ट म्हणजे सुटका. पतंग अनावर झाला, तर क्षणार्धात त्यापासून वेगळे होता आले पाहिजे. काइटबोर्डिंगच्या सुटका-यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० साली प्रसिद्ध झाले आहे. खरेदी करताना त्याची विचारणा अवश्य करावी. हार्नेसवर सुरक्षा-दोरी अडकविण्याची कडी, दोरी कापण्याचा छोटा चाकू आणि प्रशिक्षकास धरता येईल अशी पाठीमागची मूठ आहे ना, हे पाहावे. सुटकेची कळ डोळे मिटून, दोन्ही हातांनी, जमिनीवर पुनःपुन्हा दाबून पाहावी. ओल्या हातांनी बकल उघडते की नाही, याचीही खात्री करावी.

धक्क्यापासून वाचविणारे जाकीट म्हणजे जीवरक्षक जाकीट नव्हे, हेही ध्यानात असावे. जाकिटावर हार्नेस बांधल्यास तो घसरू शकतो. म्हणून दोन्हींची चाचणी एकत्रच घ्यावी.

खर्च, विमा आणि निगा

जुना हार्नेस स्वस्तात मिळत असल्यास शिवण, पट्ट्यांचे उसवलेले धागे, आकड्यावरील तडे व गंज यांची तपासणी करावी. यांपैकी काहीही सदोष असल्यास स्वस्ताई महाग पडते. नव्या खरेदीची पावती व हमीपत्र जपून ठेवावे आणि परत करण्याच्या अटी खाऱ्या पाण्यात उतरण्यापूर्वी वाचाव्यात. अनेक अपघात व प्रवास विमा पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. आपल्या पॉलिसीतील ते कलम पाहून, आवश्यक तर जादा संरक्षण घ्यावे.

प्रत्येक वापरानंतर हार्नेस गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. वाळलेल्या मिठाचे कण शिवण कुरतडतात आणि कडक ऊन पट्टे कमकुवत करते. कवचाचा हार्नेस वजनाखाली दाबून ठेवू नये.

थोडक्यात, आधी शरीराचा बांधा, मग खेळाची पातळी, त्यानंतर प्रकार, माप व काठिण्य आणि सर्वांत शेवटी किंमत, या क्रमाने विचार करणाऱ्याची निवड बहुधा योग्य ठरते. हार्नेस अंगावर आहे याचा विसर पडावा आणि संकटाच्या क्षणी मात्र त्याची कळ नेमकी हाती लागावी, हीच त्याच्या उत्तमतेची खूण होय.