चोबेच्या सफारीला कोणती लेन्स न्यावी?

प्रश्न : सप्टेंबरमध्ये बोत्स्वानाला गाइडेड फोटो सफारीसाठी जातोय. तिथल्या चोबे राष्ट्रीय उद्यानासाठी ६०० मिमीची लेन्स भाड्याने घेऊ का?

उत्तर : नको. १००-४०० मिमीची झूम पुरे. सप्टेंबर म्हणजे ऐन कोरडा हंगाम. दुपारनंतर हत्तींचे कळप चोबे नदीवर उतरतात आणि बोट इतकी जवळ जाते, की ६०० मध्ये अख्खा हत्ती मावत नाही. नदीतल्या सेडुडू बेटाकडे पोहत निघालेल्या हत्तीची पाण्यावर उचललेली सोंड टिपायची, तर शटर १/१००० च्या खाली आणू नका; बोट हलतेच. कॅमेरा शक्य तितका पाण्यालगत धरा, उंचावरून चित्र सपाट येतं. जीपमध्ये लेन्स टेकवायला बीनबॅग रिकामी न्या, तांदूळ उद्यानालगतच्या कसाने गावात भरा. पुढे ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात छोट्या विमानाने जाणार असाल, तर सामान मऊ बॅगेतच हवं.