जुन्या लिबरेटरचा माग कसा काढावा

बी-२४ लिबरेटर हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी बॉम्बर. १८,०००हून जास्त बनली, धड अवस्थेत उरली ती मोजकीच. त्यांची नोंद करायची तर एक वही घ्या आणि दर विमानाला एक पान द्या.

पानाच्या माथ्यावर मूळ अमेरिकी सिरियल नंबर टाका. नाकावर रंगवलेल्या नावाचा भरवसा धरू नका. जुनी विमानं जपणाऱ्या कॉलिंग्ज फाउंडेशनचं एकच लिबरेटर आधी 'ऑल अमेरिकन', मग 'द ड्रॅगन अँड हिज टेल' आणि पुढे 'विचक्राफ्ट' झालं. नुसते फोटो बघून यादी करणाऱ्याकडे त्याची तीन विमानं होतात.

शेपटीवरचा नंबर वाचताना जपून. अमेरिकी पद्धतीत ऑर्डरच्या वर्षाचा पहिला आकडा गाळतात, म्हणजे ४४-४४१७५ हे विमान शेपटीवर ४४४१७५ असं दिसायला हवं. पण नूतनीकरणात भलत्याच विमानाचा नंबरही रंगवला जातो. म्हणून कारखान्याने ठोकलेल्या डेटा प्लेटचा फोटो मिळवा. शेपटीला दोन उभे फिन आहेत ना, तेही बघून घ्या. एकच उंच फिन असेल तर ते प्रायव्हेटियर, लिबरेटरचं नौदलातलं भावंड. त्याला या वहीत जागा नाही.

आता नंबरांची साखळी जोडा. टक्सनच्या पिमा म्युझियममधलं ४४-४४१७५ ब्रिटिशांकडे केएच३०४ होतं आणि आपल्या हवाई दलात एचई८७७. तिन्ही नंबर एकाच पानावर घ्या.

मधला भारतीय दुवा आधी तपासा, निम्मं काम तिथेच होतं. युद्ध संपल्यावर, अमेरिकेकडून लेंड-लीज कराराने उसनी आलेली विमानं पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून ब्रिटिशांनी कानपूरच्या चकेरीला ती मोडून टाकली. हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेडने (एचएएल) त्याच ढिगातून चाळीसच्या आसपास विमानं उडती केली. ती ५ नंबरच्या आणि पुढे पुण्यात उभ्या राहिलेल्या ६ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये १९६८पर्यंत राबली. मोडीत काढायला इतका उशीर झाला, तोवर जगभरच्या संग्रहालयांना लिबरेटर हवं झालं होतं. ओटावाचं, ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमचं, पिमाचं, कॉलिंग्जचं, सगळी इथूनच गेलेली. आपल्यासाठी एक दिल्लीत पालमच्या संग्रहालयात उभं आहे. सुरुवात तिथूनच करा, स्वस्तातही पडतं.

युद्धकाळात अरुणाचलच्या डोंगरांत कोसळलेल्या लिबरेटरचे अवशेष वहीच्या मागच्या बाजूला लिहा. तिथे वैमानिकांची हाडं असू शकतात. काही उचलू नका, जागा अधिकाऱ्यांना कळवा.

शेवटी संग्रहालयाला पत्र टाकून एवढं विचारा: पंख, इंजिनं आणि टरेट याच विमानाची आहेत, की दुसऱ्याची बसवली आहेत? उत्तर आलं की त्या पानावर तारीख टाका.