तीन एकर गवत, आणि कापायला कुठलं यंत्र?

प्रश्न : आम्ही उलव्यात राहतो. कर्जतजवळ आमची तीन एकर जागा आहे. घराभोवती हिरवळ, मागे आंबा-चिकूची झाडं आणि त्यापुढे ओढ्याकडे उतरत जाणारा माळ. बसून चालवायचं आमचं लॉनमोवर बारा वर्षं चाललं, आता त्याचं इंजिन बसलं. दुकानदार ५४ इंची, जास्त हॉर्सपॉवरचं, जागच्या जागी वळणारं झीरो-टर्न घ्या म्हणतो. ते घ्यावं, बॅटरीवरचं घ्यावं, की जुन्यालाच दुसरं इंजिन बसवावं?
– एक वाचक, उलवे

उत्तर : आधी गवताचं ठरवा, यंत्राचं नंतर. कुठल्या तुकड्यावर गवत किती उंच ठेवायचं हे पक्कं झालं की निम्मी निवड आपोआप होते. तुमच्या शेजारच्या विमानतळाचंच पाहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या या विमानतळाचा पसारा ११६० हेक्टरांचा आहे. अशा ठिकाणी गवत अगदी आखूड ठेवलं की किडे उघडे पडतात आणि बगळे, मैना उतरतात. फार माजू दिलं की उंदीर वाढतात आणि त्यांच्यामागे घारी येतात. पक्षी विमानांवर आदळू नयेत म्हणून जगभरातल्या विमानतळांवर धावपट्टीलगतच्या गवताची उंची तिथल्या पक्ष्यांच्या सवयी पाहून ठरवली जाते.

तुमच्या तीन एकरांपैकी खरी हिरवळ किती? घराभोवतीची असून असून वीस-तीस गुंठे असेल. तेवढीच दोन-अडीच इंचांवर राखायची. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा जुना नियम पाळला तर पावसाळ्यात दर आठवड्याला फिरावं लागेल. झाडांखाली चार-पाच इंच गवत राहिलं तरी काही बिघडत नाही. उलट माती धरून राहते. आणि ओढ्याकडचा माळ? तो दिवाळीपर्यंत उभा राहू द्या, अशी माझी मनापासून विनंती आहे. श्रावण-भाद्रपदात तिथे जी रानफुलं येतात, ती बी धरण्याआधीच कापत राहिलात तर काही वर्षांत दिसेनाशी होतात. शिवाय ते गवत आजूबाजूच्या गुरांची वैरण आहे. बी पडलं की गावातल्या कुणाला कापून न्यायला सांगा. पण पूर्ण वाळण्याआधी ते निघायलाच हवं आणि हद्दीवर रुंद जाळरेषा मोकळी ठेवायला हवी, कारण फेब्रुवारीनंतर त्या भागात वणव्याची भीती असते.

आता यंत्राकडे वळू. ४२ इंची डेकचं, म्हणजे तेवढ्या रुंदीत कापणारं मोवर ताशी सहा किलोमीटरने चालवलं तर कागदावर तासाला सुमारे ६४०० चौरस मीटर कापतं. वळणं, झाडांना घातलेले वळसे आणि एकमेकांवर येणारे पट्टे धरले तर प्रत्यक्षात एक एकराच्या आसपास. म्हणजे हिरवळ आणि बाग मिळून दीड-दोन तासांचं काम. ५४ इंचांनी त्यातला अर्धा तास वाचेल, पण झाडांमधून नेताना रुंद डेक अडेल आणि उंचसखल जागी एका बाजूने माती खरवडेल. झीरो-टर्न सपाट, मोकळ्या मैदानावर उत्तम. ओल्या उतारावर मात्र त्याची मागची चाकं घसरली की दिशा हातात राहत नाही, कारण पुढची चाकं नुसती भिंगरीसारखी फिरणारी असतात. तुमच्याकडे ओढा आहे. घेऊ नका.

उताराची मर्यादा बहुतेक कंपन्या १५ अंश सांगतात. ती मोजायला उपकरण लागत नाही. एक मीटर लांब काठी लेव्हलमध्ये आडवी धरा; खालच्या बाजूचं टोक जमिनीपासून २७ सेंटीमीटरपेक्षा वर राहिलं, तर तिथे कुठलंच बसून चालवायचं मोवर न्यायचं नाही. तिथे ब्रश कटर. बाकीच्या उतारावर यंत्र सरळ वर-खाली चालवा, आडवं नको.

जुन्या यंत्राला दुसरं इंजिन बसवायची कल्पना चांगली आहे, पण एक अडचण लक्षात घ्या. आपल्या बाजारात पंपाची, जनरेटरची जी छोटी इंजिनं सहज मिळतात, त्यांचा शाफ्ट बहुधा आडवा असतो. लॉन ट्रॅक्टरला उभ्या शाफ्टचं इंजिन लागतं. तसं मिळालं आणि डेक गंजलेला नसेल, तर जरूर बसवा. नवं घ्यायचं असेल तर हॉर्सपॉवर विचारण्याआधी दुकानदाराला पाती, पट्टे, फिल्टर आणि पात्यांचे स्पिंडल आज दुकानात आहेत का, ते दाखवायला सांगा. ऐन श्रावणात पट्टा तुटला आणि तो महिन्याने येणार असेल, तर तोवर गवत गुडघ्याला लागतं.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडे गंभीर झाला आहे. पंपावर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, तर अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांचीच परवानगी असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि कार्बुरेटर खराब करतं. युरोप-अमेरिकेत यंत्र हिवाळ्यात झाकून ठेवतात. आपलं साधारण जानेवारीपासून जूनपर्यंत बसून असतं. तेवढा काळ टाकीत पेट्रोल ठेवू नका. टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करा. वीस टक्के इथेनॉल चालतं असं कंपनीने लेखी दिलेलं मॉडेल मिळालं तर त्याला पहिली पसंती द्या. बॅटरीचं मोवर ही कटकट मिटवतं. हिरवळ वीस-तीस गुंठेच असेल आणि दुरुस्ती करणारा माणूस जवळ असेल तर ते मला पटतं. फक्त पावसाळ्यात वीज जाते तेव्हा चार्जिंगचं काय, ते आधी पाहा.

माझा सल्ला असा : ४२ इंची, हायड्रोस्टॅटिक गिअरचा साधा लॉन ट्रॅक्टर, बाजूने गवत फेकणारा. मागे पिशवी लावलेलं मोवर ओल्या गवताने दर पाच मिनिटांनी तुंबतं. चाकं रुंद आणि कमी हवेची असू द्या, नाहीतर भिजलेल्या मातीत चाकोऱ्या पडतील. गावातल्या कुणी माळाचं गवत नेलं नाही, तरी तिथे वर्षातून एकदाच काम आहे. तेवढ्यासाठी मोठं यंत्र घेण्यापेक्षा गावातला मिनी ट्रॅक्टर स्लॅशरसह भाड्याने आणा, तोही उतार मोजूनच.

कापण्याआधी जागा चालून दगड वेचा. रायगडातला काळा दगड पात्याच्या टोकाला लागला तर गोळीसारखा सुटतो, कारण त्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात असू शकतो. सीटवरून उठलं की पातं थांबवणारा स्विच जुन्या यंत्रांत बरेचदा वायर जोडून निकामी केलेला असतो. नव्यात तो कुणालाही छेडू देऊ नका, आणि मुलांना मांडीवर घेऊन कधीही चालवू नका.

जुनं यंत्र लगेच भंगारात देऊ नका. त्याच कंपनीचं घेणार असाल तर चाकं, पुली, सीट पुढे उपयोगी पडतील. बॅटरी मात्र काढून नवी घेताना दुकानातच परत द्या.