जन्मवेळी दुखावलेला हात : उपचाराची मुदत आणि कायद्याची मुदत

प्रसूतीनंतर घरी आणलेले बालक एक हात हलवीत नाही, तो कोपरात वाकत नाही आणि मनगट आत वळलेले राहते, ही गोष्ट पुष्कळदा घरातील आजीच्या किंवा मालीश करणाऱ्या बाईच्या प्रथम ध्यानात येते. मग कोणी ग्रहणाचा दोष सांगतो, कोणी मातेला बोल लावतो, तर कोणी थेट डॉक्टरांवर ठपका ठेवतो. या चर्चेत आठवडे निघून जातात. वास्तविक अशा प्रसंगी कुटुंबापुढे दोन मुदती उभ्या असतात. पहिली उपचाराची व दुसरी कायद्याची. बुलडाणा जिल्ह्यासारख्या प्रामुख्याने ग्रामीण जिल्ह्यात या दोन्हींची माहिती ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे.

दुखापतीचे स्वरूप

मानेच्या मणक्यांतून निघणाऱ्या पाच मज्जातंतूंच्या मुळांचे जाळे खांद्यातून हातात उतरते. प्रसूतीच्या वेळी बालकाचे डोके बाहेर आल्यावर खांदा मातेच्या कटीच्या हाडाशी अडकला आणि मानेवर ताण आला, तर हे जाळे ताणले जाते, क्वचित तुटतेही. वरच्या दोन मुळांच्या इजेस 'अर्ब्ज पाल्सी' असे म्हणतात. जर्मन वैद्यक विल्हेल्म अर्ब यांनी 1874 मध्ये या विकाराचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. साधारणतः दर हजार जन्मांमागे एक ते तीन बालकांत अशी इजा आढळते. बालकाचे वजन जास्त असणे, मातेला मधुमेह असणे, पूर्वीच्या प्रसूतीत खांदा अडकलेला असणे, यांमुळे धोका वाढतो. तथापि कोणतीही पूर्वसूचना नसतानाही खांदा अडकू शकतो.

बहुसंख्य बालके काही आठवड्यांत वा महिन्यांत बरी होतात. मात्र तीन महिन्यांनंतरही कोपर वाकविण्याची शक्ती परत आली नाही, तर तज्ज्ञ शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा लागतो. मज्जातंतूंची शस्त्रक्रिया आवश्यक ठरल्यास ती सामान्यतः पहिल्या वर्षाच्या आतच करावी लागते, कारण दीर्घकाळ चेतना न मिळालेले स्नायू निकामी होतात. म्हणून पहिले पाऊल न्यायालयाकडे नव्हे, रुग्णालयाकडे पडले पाहिजे. हात ओढणे, झटके देणे किंवा जोराने चोळणे टाळावे. भौतिकोपचार तज्ज्ञ शिकवील त्याच हालचाली द्याव्यात.

हे उपचार परवडण्यासाठी शासकीय योजनांचा आधार आहे. 2011 मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय संस्थांत आजारी नवजात बालकांस मोफत उपचाराची तरतूद आहे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांची तपासणी करून पुढील उपचारांसाठी पाठविण्याची व्यवस्था आहे. आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका यांनी असे बालक दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रास कळविले, तर मोलाचे दिवस वाचतात.

प्रत्येक इजा म्हणजे हयगय नव्हे

कायद्याचा विचार करताना एक गोष्ट प्रथम स्पष्ट असावी. इजा झाली एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एका शल्यचिकित्सकाविरुद्धच्या प्रकरणात वैद्यकाची तीन कर्तव्ये सांगितली होती : रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना, कोणते उपचार द्यावेत हे ठरविताना आणि ते उपचार प्रत्यक्ष देताना योग्य ती काळजी घेणे. जेकब मॅथ्यू प्रकरणात 2005 मध्ये न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, डॉक्टरांवर फौजदारी कारवाईसाठी हयगय गंभीर स्वरूपाची असावी लागते. म्हणून प्रथम पोलीस ठाण्याकडे धाव घेण्याने कुटुंबाच्या हाती सहसा काही लागत नाही.

विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. गर्भवतीच्या रक्तातील साखर तपासली होती काय? मागील प्रसूतीची नोंद पाहिली होती काय? खांदा अडकल्यावर मातेचे पाय वर दुमडण्यासारख्या मान्य पद्धती वापरल्या, की डोके धरून ओढण्यात आले? या प्रश्नांची उत्तरे आठवणीत नव्हे, कागदांत सापडतात.

कागदपत्रे : हक्काची बाब

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावयाच्या असतात आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास त्या 72 तासांच्या आत द्यावयाच्या असतात. मागणी लेखी करावी व पोच घ्यावी. केसपेपर, प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, बालकाच्या जन्मवजनाची नोंद, मुक्ततापत्र व पावत्या मागाव्यात. माता व बाल संरक्षण कार्ड घरी जपून ठेवावे. हात न हलण्याची पहिली नोंद कोणत्या तारखेची आहे, हे पुढे महत्त्वाचे ठरते.

दाद कोठे मागावी

खाजगी रुग्णालयात पैसे देऊन प्रसूती झाली असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वैद्यकीय सेवा ही या कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. 1998 मधील एका निर्णयात बालक व त्याचे आईवडील हे दोघेही ग्राहक मानले गेले. पुष्कळ कुटुंबे प्रसूतीसाठी अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर येथे जातात. नव्या कायद्याने त्यांची मोठी सोय झाली आहे, कारण तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेच तक्रार करता येते. शेगावच्या किंवा लोणारच्या कुटुंबास त्यासाठी परजिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये.

जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते अशी शासकीय रुग्णालये मात्र ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. तेथे दिवाणी दाव्याचा मार्ग मोकळा असतो. शासनाविरुद्ध दाव्यापूर्वी सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. बालकाच्या वतीने आई किंवा वडील वादमित्र म्हणून दावा दाखल करू शकतात. शासन अशा दाव्यांत उत्तरदायी ठरू शकते, हे तत्कालीन औरंगाबाद येथील शासकीय रुग्णालयातील प्रकरणाने दाखवून दिले आहे. तेथे 1963 मध्ये प्रसूतीनंतरच्या शस्त्रक्रियेत मातेच्या पोटात कापडाचा बोळा राहून तिचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये शासनास जबाबदार धरले. न्याय मिळाला, पण त्यास 33 वर्षे लागली. प्रारंभापासून योग्य सल्ला आणि पूर्ण कागदपत्रे असणे किती आवश्यक आहे, हे यावरून उमगावे.

मोफत विधी साहाय्य

वकिलाच्या खर्चाच्या धास्तीने अनेक कुटुंबे गप्प बसतात. परंतु राज्यघटनेत 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने अनुच्छेद 39-क समाविष्ट झाला आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 ची अंमलबजावणी 1995 पासून सुरू झाली. या अधिनियमाच्या कलम 12 नुसार स्त्री व बालक यांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही हा हक्क आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी कुटुंबांना हे आवर्जून सांगितले पाहिजे. बुलडाणा येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. 15100 हा राष्ट्रीय साहाय्य दूरध्वनी क्रमांक आहे.

हात कायमचा अधू राहिल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 अन्वये प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असल्यास 6 ते 18 वर्षे वयापर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. हा हक्क कोणाची हयगय सिद्ध होण्यावर अवलंबून नाही.

गावाची जबाबदारी

अशा बालकाच्या घरी ग्रामपंचायत सदस्य किंवा शिक्षक गेले तर त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात : बालक तज्ज्ञाकडे पोहोचले काय, कागदपत्रे मागितली काय, मुदतीची तारीख कुटुंबास ठाऊक आहे काय आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला काय. ग्रामसभेत वर्षातून एकदा ही माहिती वाचून दाखविणे फारसे अवघड नाही. दोष कोणाचा, याचा निवाडा आयोग किंवा न्यायालय करील. बालकाला तिसऱ्या महिन्यापूर्वी तज्ज्ञापर्यंत नेणे मात्र गावाच्याच हाती आहे.