दुखणे हातात, मूळ मानेत

खांद्यापासून बोटांपर्यंत कळ येऊ लागली की हाताला तेल चोळणे, शेक देणे असे उपाय आपल्याकडे सर्रास केले जातात. परंतु पुष्कळदा हाताची हाडे, स्नायू व सांधे निर्दोष असतात आणि दुखण्याचे मूळ मानेत असते. घरातील दिवा मंद झाला, तर दोष खांबावरील तारेतही असू शकतो, तसाच हा प्रकार आहे.

मानेत ७ मणके असून तेथून मज्जातंतूंच्या ८ जोड्या निघतात. त्यांपैकी खालच्या ४ व पाठीतील पहिली जोडी हाताला संवेदना व शक्ती पुरवितात. वयोमानानुसार मणक्यांमधील चकत्या झिजतात, कडांवर हाड वाढते आणि मज्जातंतूंची वाट अरुंद होते. तरुणपणी चकतीचा आतील मऊ भाग बाहेर सरकूनही मज्जातंतूवर दाब येतो. सहावा मज्जातंतू दाबला गेल्यास अंगठ्याकडे, सातवा दाबला गेल्यास मधल्या बोटाकडे, तर आठवा दाबला गेल्यास करंगळीकडे मुंग्या येतात किंवा बधिरपणा जाणवतो. मान मागे किंवा दुखऱ्या बाजूस झुकविल्यास कळ वाढते. हात डोक्यावर ठेवल्यास अनेकांना आराम वाटतो. मनगटात किंवा कोपरात मज्जातंतू दाबला गेल्यासही अशाच मुंग्या येतात. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात. वेदनाशामक औषधे व सांगितलेले व्यायाम यांचा उपयोग होतो. मानेचा पट्टा थोडेच दिवस वापरावा. फार वेळ मान खाली घालून लिहू नये, मधूनमधून उठावे. डोक्यावरून ओझे वाहणे थांबवावे. मानेला झटका देऊन ‘शीर बसविण्याचे’ प्रयोग मात्र कटाक्षाने टाळावेत.

हाताची शक्ती कमी होणे, सदऱ्याची गुंडी लावता न येणे, चालताना तोल जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही मज्जारज्जूवरील दाबाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. हात दुखण्याबरोबरच छातीत दडपण, घाम व धाप असल्यास हृदयविकाराची शंका घेऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुखऱ्या हाताला तेल चोळण्यात दिवस गेले, तर दाबलेला मज्जातंतू कायमचा दुबळा होण्याचा धोका असतो. ही साधी गोष्ट शिक्षक व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत समजावून सांगितली, तर अनेकांचे कष्टाचे हात शाबूत राहतील.