लाकडाचा सांधा

आपल्या शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळची लेणी आहेत. तेथील दहाव्या लेण्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात. त्याचे छत लाकडी वाशांचे वाटते. पण ते सारे दगडात कोरलेले आहे. एकाच खडकातले असल्यामुळे त्या वाशांना कोठेही सांधा नाही.

सुताराला मात्र लाकडाचे तुकडे जोडावे लागतात. कपाटाची चौकट करताना तो आडव्या पट्टीच्या टोकाजवळ, मागच्या बाजूने, ड्रिलने तिरपे भोक पाडतो. मग दोन्ही पट्ट्या शिकंज्यात घट्ट धरून त्या भोकातून स्क्रू पिळतो. स्क्रू तिरपा जातो. म्हणून शिकंजा नसेल, तर पट्टी सरकते आणि चौकट वाकडी होते. स्क्रू फार लांब असेल, तर त्याचे टोक बाहेर येते. १९ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांना ३२ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो.

कपाट उभे राहिले, की ही भोके कोणाला दिसत नाहीत. पण चौकट ताठ राहते ती याच सांध्यांमुळे. म्हणून चांगला सुतार मागची बाजूही तितक्याच काळजीने करतो.

शब्दार्थ : वासा – छपराला आधार देणारे लांब लाकूड, तिरपे – तिरछे, सांधा – जोड.

प्रश्न : शिकंजा का वापरतात?